बेंचसाठी लाकडी होल्डफास्ट घरी करता येईल का?

रंधेवाला (धागाकर्ता)

मंडळी, सुतारकामाचं बेंच एकदाचं उभं राहिलं. वरची फळी ७० मिमी जाड आहे आणि भोक अजून एकही पाडलेलं नाही. बाजूला व्हाइस आहे, पण फळी आडवी ठेवून पटाशीने खाच काढायला घेतली की ती पळते. क्लॅम्प लावावा तर त्याचा जबडा काठापासून वीतभर आत पोचतो, मधोमध नाही.

यावर होल्डफास्ट हा जुना उपाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेंचच्या भोकात सैलसर दांडा सोडायचा, त्याचा आडवा हात कामावर टेकवायचा, वरून एक ठोका दिला की काम गच्च. मागून ठोका दिला की सुटलं. पण जिथे बघावं तिथे लोखंडी. माझ्याकडे भट्टी नाही, घणही नाही. लाकूड मात्र भरपूर पडलंय.

तर प्रश्न असे. लाकडी दांडा खरंच पकड घेतो का? किती जाड हवा? आणि दांडा व हात एकाच तुकड्यातून काढायचा की जोडायचा? ज्यांनी स्वतः करून वापरलाय त्यांनी लिहावं, ही विनंती.

भुसाभाई

लाकडाने लाकूड धरायचं. काट्याने काटा काढतात तसं.

बाकी धागा पकडून ठेवतो, जाणकार येतीलच.

कानस

सरळ सांगतो. लोखंडी घ्या आणि विषय संपवा. होल्डफास्ट म्हणजे आयुष्यभर ठोके खाणारी वस्तू. लाकडी केलात तर कोपरात, म्हणजे दांडा आणि हात मिळतात तिथे, तडकणार, मग दुरुस्ती, मग नवीन. ज्या वेळात हे कराल त्यात एखादा स्टूल होईल.

ओंडका

@कानस, स्टूल करतानाही काम धरायला लागतंच की!

मी लाकडीच वापरतो आणि कौतुकाने वापरतो. मुख्य कारण धार. काम करता करता पटाशी किंवा रंध्याचं पातं होल्डफास्टला लागतंच कधीतरी. लोखंडाला लागलं की पात्याला खाच पडते आणि पुढचा वेळ दगडावर घासण्यात जातो. लाकडाला लागलं तर लाकडाचा टवका उडतो, बस. दुसरं, हाताच्या नाकाखाली, म्हणजे कामावर टेकणाऱ्या टोकाखाली, पॅड नसला तरी कामावर खोल वण उठत नाही. तरी मी चामड्याचा तुकडा चिकटवलाय, त्याने पकडही वाढते.

कोपरात तडकतो हे मात्र खरं आहे. एका फळीतून इंग्रजी उलट्या एल आकाराचा कापून काढला की तडकतोच. दांड्यात लाकडाची रेषा (तंतूंची दिशा) उभी चालली असेल तर हातात ती आडवी येते, म्हणजे हाताच्या लांबीला काटकोनात. असा हात बिस्किटासारखा तुटतो. तेव्हा एका सपाट फळीतून कापणं सोडून बाकी काहीही करा.

मीनाक्षी_ध

@रंधेवाला, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हिशोबाने देता येतं, आणि ते बघितलं की "लाकूड की लोखंड" हा वाद अर्धा मिटतो.

काम हाताच्या नाकाला वर ढकलतं. त्यामुळे दांडा भोकात किंचित तिरका होतो आणि दोनच ठिकाणी टेकतो: वरच्या तोंडाशी एका बाजूला, खालच्या तोंडाशी विरुद्ध बाजूला. या दोन जागांवरचं घर्षणच त्याला वर येऊ देत नाही. ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ढकलला की अडकून बसतो, त्यातला हाच प्रकार.

आता गणित. नाक दांड्याच्या मध्यापासून d अंतरावर, फळीची जाडी L, घर्षणांक μ. नाकावरचा जोर F धरला तर त्या दोन जागांवर प्रत्येकी F×d÷L इतका दाब येतो. दोन्हीकडचं मिळून घर्षण त्या F ला पुरून उरायला हवं. दोन्ही बाजूंचा F कटतो आणि उरतं एवढंच: d हा L÷(2μ) पेक्षा मोठा हवा.

F कटला, हे लक्षात घ्या. तुम्ही किती जोरात ठोकता यावर पकड धरणार की नाही हे ठरत नाही. ते ठरतं हाताच्या लांबीवर, फळीच्या जाडीवर आणि घर्षणावर. लाकडावर लाकूड घासताना μ साधारण ०.२५ ते ०.५. तुमची फळी ७० मिमी; μ ०.३ धरला तर हात कमीत कमी ११७ मिमी हवा. मी १५० ठेवीन. १०० मिमी जाड फळीला तोच हिशोब १६७ वर जातो. म्हणून फार जाड बेंचवर चांगले लोखंडी होल्डफास्टसुद्धा नुसते वर उडतात. तिथे खालून मोठ्या ड्रिलने भोक रुंद करतात, म्हणजे प्रत्यक्ष टेकायची जाडी कमी होते.

भुसाभाई

मीनाक्षीताई, दंडवत. शाळेत हे असं शिकवलं असतं तर मी भुसाभाई झालो नसतो.

चौथा_पाय

म्हणजे फळी जितकी पातळ तितकं चांगलं? माझं बेंच दोन प्लायवूड चिकटवून केलेलं आहे, ३६ मिमी.

मीनाक्षी_ध

@चौथा_पाय, अडकण्यापुरतं हो. पण दाब F×d÷L आहे ना, L खाली गेला की दाब वर जातो. नाकावर ५० किलो वजनाइतका जोर आणि १२५ मिमी हात धरा. ७५ मिमी फळीत भोकाच्या काठावर ८३ किलोचा दाब येतो, ३६ मिमीत तोच १७४ किलोच्या घरात. काठ चेपत जाणार, भोक लांबट होणार आणि मग दांडा इतका कलेल की नाक कामावर नीट बसणारच नाही. भोकाच्या जागी खालून कठीण लाकडाचा ठोकळा चिकटवा आणि जाडी ६०-७० पर्यंत न्या.

कानस

हिशोब मान्य. पण त्यात लाकूड तुटतं की नाही हे कुठे आलं? लोखंडी दांडा १९ मिमीचा असतो. तेवढा लाकडी करून दाखवा.

मीनाक्षी_ध

नाही करणार. :) तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे. तोच ५० किलो आणि १२५ मिमी धरून दांड्यातला वाकवण्याचा ताण काढला तर १९ मिमीला सुमारे ९३ मेगापास्कल येतो. चांगलं वाळलेलं, निर्दोष कठीण लाकूड शंभरच्या आसपास किंवा थोडं वर मोडतं, म्हणजे अगदी कडेलोटावर. २५ मिमीला तोच ताण ४१ होतो आणि ३२ मिमीला १९. ताकद व्यासाच्या घनाने वाढते, त्यामुळे थोडं जाड केलं की खूप फरक पडतो. लाकडी दांडा २५ च्या खाली करूच नये, जमलं तर ३२.

ओंडका

यात माझी एक भर. हे आकडे सरळ रेषेच्या लाकडाचे आहेत. रेषा दांड्याच्या लांबीला पाचास एक अशी तिरकी गेली तर ताकद जवळपास निम्मी होते. म्हणून दांड्याची काठी करवतीने कापू नका, फोडा. ओंडक्यात पाचर घालून फोडलं की तडा रेषेबरोबरच जातो, काठी आपोआप सरळ रेषेची मिळते. मग चौकोनी करायची आणि चौकोनाची अष्टकोनी. ३२ मिमीच्या चौकोनावर प्रत्येक कडेपासून ९.४ मिमीवर रेघ मारा, रेघेपर्यंत कोपरे रंध्याने उतरवा, बरोबर अष्टकोन होतो. तिथून गोल करायला कानस आणि सँडपेपर पुरे. लेथ नसला तरी अडत नाही.

लाकूड म्हणाल तर ज्याचे हत्यारांचे दांडे होतात ते. बाभूळ, धामण, बाहेरचं मिळत असेल तर ॲश, हिकरी, बीच. सागवान मी यासाठी वापरत नाही. टिकाऊ आहे, पण ठोका सोसण्यात या सगळ्यांच्या मागे, आणि तेलकट असल्यामुळे जोड चिकटवताना नखरे करतं.

वळणदार

सागवानाला नावं ठेवल्याबद्दल निषेध नोंदवतो. :D

आता तिसऱ्या प्रश्नावर. मी पट्ट्या चिकटवून वाकवलेला केला आहे. ३ मिमीच्या पट्ट्या, उलट्या जे सारखा साचा, सगळ्यांना ग्लू लावून साच्याभोवती एकदम आवळायच्या. रेषा दांड्यातून वळून थेट नाकापर्यंत जाते, कोपरात कुठेच तुटत नाही. पट्टी आधी कोरडीच वाकवून बघा. कुरकुरली तर आणखी पातळ करा किंवा वळण मोठं घ्या. साच्यातून काढल्यावर तो थोडा उघडतो. पट्ट्या जितक्या पातळ आणि जास्त, तितकं हे उघडणं कमी.

ग्लूबद्दल मात्र हट्ट धरा. नेहमीचा पांढरा ग्लू सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो, वाकवलेल्या कामात ते नको. इपॉक्सी किंवा युरिया फॉर्मल्डिहाइड वापरा.

याचा एक फायदा कोणी बोललं नाही. हात स्प्रिंगसारखा लवतो. ठोका दिल्यावर हात किंचित वाकतो आणि तो वाकच कामावर दाब धरून ठेवतो. अगदी ताठ हात असेल तर काम केसभर हललं तरी दाब गेला. म्हणून हात कोपराशी जाड आणि नाकाकडे पातळ करत न्यायचा, कोणत्याही पद्धतीने करा.

आडवाट

एवढा खटाटोप कशाला? झाडाची फांदी जिथे खोडातून फुटते तो तुकडा घ्यायचा. रेषा निसर्गानेच वळवून दिलेली. जुन्या लाकडी जहाजांचे कोपरे असेच वाकड्या लाकडाचे असायचे.

ओंडका

@आडवाट, कल्पना सुंदर, पण फांदी निवडून घ्यावी लागते. दोन सारख्या जाडीच्या फांद्यांचा बेचका नको, त्यात मधे साल अडकलेली असते आणि तो तिथेच फाटतो. जाड खोडातून बारीक फांदी मोठ्या कोनात बाहेर आलेली हवी. दुसरं, अख्खा गोल तुकडा वाळताना गाभ्यापासून भेगाळतो. गाभा बाजूला पडेल असा चिरायचा, टोकांना मेण किंवा रंग फासायचा आणि सावलीत विसरून जायचं. रंधेवाल्यांना काम आत्ता धरायचंय.

चौथा_पाय

मी एक वेगळीच रचना बघितली. दांड्याच्या डोक्यात उभी खाच, त्यात आडवा हात बोल्टवर झुलता, तराजूच्या दांडीसारखा. नाक कामावर, आणि शेपटीखाली बेंचवर पाचर ठोकायची. शेपटी वर गेली की नाक खाली दाबलं जातं. कोपरच नाही, त्यामुळे तडकण्याचा प्रश्न नाही. करायला सोपं वाटतंय. यात काही खोट?

कानस

हे मला पटलं. कधी नव्हे ते.

मीनाक्षी_ध

खोट आहे, आणि ती पाचर कुठे टेकते त्यात आहे. पाचर शेपटी आणि बेंच यांच्यामध्ये बसली तर बेंच शेपटीला वर ढकलतो, काम नाकाला वर ढकलतं, आणि दोन्ही मिळून दांड्याला सरळ वर ओढतात. दोन बाजू सारख्या, म्हणून दांडा कलत नाही. कलला नाही तर अडकत नाही, अडकला नाही तर पाचर ठोकताना नुसता वर येतो.

यावर दोन उपाय आहेत. एक, दांडा बेंचखाली बाहेर काढून त्यात आडवी खुंटी घालायची. मग कलण्याची गरजच उरत नाही, पण प्रत्येक वेळी बेंचखाली वाकायचं. दुसरा उपाय जास्त चांगला: पाचर बेंचवर न टेकवता दांड्याच्याच डोक्यातून मागे काढलेल्या खांद्यावर टेकवायची. मग बाहेरून येणारा जोर फक्त नाकावर, दांडा कलतो, पकड येते. स्क्रूवाले होल्डफास्ट बघा, त्यांचा स्क्रू दांड्याच्याच चौकटीत फिरतो, बेंचला टेकत नाही.

कानस

म्हणजे मला पटलं ते नेमकं चालत नाही. ठीक आहे, माझा लोखंडाचा मुद्दा कायम.

भुसाभाई

अवांतर: हर्क्युलेनियमच्या एका रोमन भित्तिचित्राचं रेखाटन बघितलंय का कोणी? पंखवाली पोरं करवत चालवतायत आणि बेंचवर होल्डफास्टसारखी वाकडी वस्तू बसलेली आहे. व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटून ते शहर गाडलं गेलं इ.स. ७९ मध्ये, म्हणजे चित्र त्याआधीचं. आपण इथे एकोणीसशे वर्षं उशिरा वाद घालतोय.

आडवाट

त्या पोरांनी काम धरलं, धागा काढला नाही.

सुलभा_सुतार

थोडं उशिरा येतेय, पण भोकांबद्दल कोणीच बोललं नाही आणि निम्मी कामं तिथेच बिघडतात.

भोक उभं सरळ हवं. दोन गुण्ये काटकोनात उभे ठेवून ड्रिल त्यांच्याशी जुळवत जा. गिरमिटाचं टोक खालून दिसलं की थांबा आणि उरलेलं खालून पाडा, नाहीतर खालचा पापुद्रा उडतो. भोकाच्या दोन्ही तोंडांची धार थोडीशी मारा, तिथेच सगळा दाब येणार आहे.

दांडा भोकात सैल हवा. गच्च बसणारा दांडा बघून समाधान वाटतं, पण तो कलतच नाही. ३२ चं भोक असेल तर दांडा ३१ च्या आसपास. आणि लाकूड हवेतला दमटपणा पिऊन रुंदीत फुगतं, तेही सगळीकडून सारखं नाही, त्यामुळे गोल दांडा किंचित लांबट गोल होतो. कोरड्या दिवसांत अगदी नेमका बसवलेला दांडा दमट दिवसांत भोकात घुसेनासा होतो.

दांड्याला तेल, पॉलिश, मेण काही नको. बेंचला तेल देताना भोकांत ओघळू देऊ नका. घसरायला लागलाच तर जाड सँडपेपर दांड्याभोवती आडवा फिरवा, लांबीला नाही. खडू चोळला तरी चालतो.

आणि दांडा बेंचखाली चार बोटं बाहेर येईल इतका लांब ठेवा. लाकडी होल्डफास्ट सोडवायला डोक्यावर मागून मारण्यापेक्षा खालून टोकावर मोगरीचा एक हलका ठोका बरा, कोपराला इजा होत नाही.

वळणदार

सुलभाताई, वाचनखूण साठवली.

एक शंका. रंधेवाल्यांनी भोकं अजून पाडलेली नाहीत. मग चौकोनीच का नकोत? दांडा गोल करायचं कामच वाचलं.

सुलभा_सुतार

बेंचची फळी पट्ट्या चिकटवून करायची असती तर पट्टीत आधीच खाच ठेवून चौकोनी भोक आयतं मिळालं असतं. तयार जाड फळीत पटाशीने ७० मिमी खोल चौकोन काढायचा म्हणजे दंड भरून येतात. शिवाय चौकोनी दांडा चारच दिशांना बसतो. गोल दांडा हवा तसा फिरवता येतो आणि होल्डफास्टची निम्मी मजा त्यात आहे.

कानस

३२ चं भोक पाडलं की बाजारातले १९ वाले लोखंडी होल्डफास्ट आणि डॉग (काम अडवायला भोकात घालायच्या खुंट्या) कायमचे बाद, हे कोणी सांगणार आहे का त्यांना?

ओंडका

हा मुद्दा खरंच महत्त्वाचा. पण वेगवेगळी भोकं पाडायला कोणाची हरकत आहे? डॉगची रांग पुढच्या काठाला १९ ची, होल्डफास्टची मोजकी भोकं मागे ३२ ची. १५० मिमी हात असेल तर दोन भोकांत २५०-३०० मिमी अंतर पुरतं, कारण हात दोन्हीकडे वळतो. सुरुवातीला दोन-तीनच पाडा. पुढची कुठे हवीत ते काम करताना कळतं.

आणि सगळीकडे होल्डफास्टच पाहिजे असंही नाही. रंधा मारताना समोर एक अडथळा आणि मागच्या कोपऱ्याला व्ही खाचेची सपाट पट्टी लावली, ती पट्टी एका होल्डफास्टने दाबली की फळीवर वरून काहीच येत नाही. रंधा मोकळा चालतो.

रंधेवाला

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. @वळणदार, पट्ट्या कापायला माझ्याकडे टेबल सॉ नाही, हातकरवतीने ३ मिमीच्या एकसारख्या पट्ट्या जमणं कठीण. फोडलेली बाभळीची काठी मात्र आहे, चांगली वाळलेली. दांडा आणि हात वेगळे करून जोडले तर? डोकं चौकोनी ठेवून त्यात आरपार खाच, हात त्यातून घालून मागून पाचर?

सुलभा_सुतार

चालेल. डोकं ५० मिमी चौकोनी ठेवा, फक्त खालचा भाग गोल करा. ३२ च्या दांड्यातच खाच पाडलीत तर दोन्ही बाजूंना भिंती उरणार नाहीत. खाचेच्या वर निदान ४० मिमी लाकूड राहू द्या, कारण नाक वर ढकललं गेलं की हाताचं मागचं टोक खाली आणि खाचेजवळचा भाग वर दाबतो. डोकं फुटायचं तर तिथून फुटेल. चौकोनातून गोलात येताना काटकोनी खांदा नको, उतरतं वळण ठेवा. दांड्यावरचा ताण नाकाच्या बाजूला जास्त असतो, तडा तिथल्याच धारदार कोपऱ्यात सुरू होतो.

पाचर हाताच्या वरून घाला. खालून घातली तर प्रत्येक ठोक्याला ढिली होईल.

मीनाक्षी_ध

आणि ठोका हातावर नाही, दांड्याच्या डोक्यावर. हातावर मारलंत तर सगळा धक्का जोडावर जातो.

राउटर मशीन (लाकडात खाचा पाडणारं) चालवताना मात्र एकट्या लाकडी होल्डफास्टवर विसंबू नका. कंपनाने पकड हळूहळू सुटते. तिथे क्लॅम्पच.

रंधेवाला

समजलं. हात १५०, दांडा ३१, भोक ३२, डोकं ५०. हाताला पण बाभूळच घेऊ की धामण? धामणीची एक जुनी कावड पडून आहे.

ओंडका

धामण! लवचीक आहे, हाताला तेच हवं. पण कावडीचा मधला भाग घेऊ नका, तो वर्षानुवर्षं वाकून दमलेला असतो. टोकाकडचा घ्या आणि आधी दोन्ही हातांनी वाकवून कान लावा.

कानस

फोटो टाका झाल्यावर. तुटल्यावरचाही चालेल.